एकशे एकतीस दिवस

दादांचं शेवटचं विवरणपत्र भरायला आलेली करसल्लागार मुलगी आमच्या कॅलेंडरवर पेन्सिलीचं टोक टेकवत एकेक दिवस मोजत होती. माझे थोरले भाऊ श्रावणात जर्मनीहून कायमचे परतले आणि मार्गशीर्षात गेले. उतरल्याचा दिवस धरायचा, मृत्यूचाही धरायचा, असं ती म्हणाली.

"एकशे एकतीस. सुटलात, काका! एकशे ब्याऐंशी भरले असते, तर तिकडच्या पेन्शनवर इथे कर बसला असता. आता कागदोपत्री दादा अनिवासीच."

माणूस कुठला, हे कायदा दिवसांवरून ठरवतो. त्याला दुसरं माप तरी कुठून मिळणार? चौतीस वर्षं परक्या कारखान्यात काढून दादा घरी आले, ते राहण्यासाठी. पहिल्याच सकाळी पिशवी घेऊन मंडईत गेले आणि गरजेच्या तिप्पट भाजी घेऊन आले. आम्ही मात्र त्यांना रोज पाहुण्यांच्या कपबशीतून चहा देत राहिलो. "अरे, मला घरातला कप दे की," असं ते दोनदा म्हणाले. आम्ही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कपबशी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना परकं ठरवायला कायद्याला वर्षअखेरपर्यंत थांबावं लागलं, आम्हाला तेवढंही लागलं नाही.

"पुन्हा एकदा मोजतेस का?" मी विचारलं.

"वाढले तर कर भरावा लागेल, काका."

"भरेन."

तिने पुन्हा पहिल्यापासून मोजले. तेवढेच भरले.