अकरा दिवसांचे नगराध्यक्ष

नगराध्यक्षपद म्हणजे शहराच्या इतिहासातलं मानाचं पान. आमच्या घरात ते अकरा दिवस होतं. खरे अध्यक्ष मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले होते आणि वडील उपाध्यक्ष होते, म्हणून.

त्या अकरा दिवसांत रत्नागिरीचा इतिहास जागचा हलला नाही. वडिलांनी दाखल्यांवर सह्या केल्या, एका शाळेच्या स्नेहसंमेलनात श्रीफळ स्वीकारलं आणि रोज पायीच घरी आले. मासळीवाली आईला ‘अध्यक्षीणबाई’ म्हणू लागली. बांगड्याचा भाव तोच राहिला.

वडील गेल्यावर आईने एकच धोशा लावला. नगराध्यक्षांच्या दालनात आजवरच्या अध्यक्षांच्या नावांची पाटी आहे. "त्यांचं नाव तिथे बघायचंय मला. डोळे शाबूत आहेत तोवर."

नाव नसणार, हे मला ठाऊक होतं. गणपती होऊ देत, दिवाळी होऊ दे, असं करत मी टाळत राहिलो. शेवटी रिक्षा केली.

अध्यक्ष दौऱ्यावर होते. आईने पाटी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"नाही रे."

"प्रभारींची नावं घालत नाहीत, आजी," कारकून म्हणाला.

ती चष्मा काढून पदराने पुसत राहिली.

चहा घेऊन आलेला शिपाई निवृत्तीला टेकला होता. त्याने तिला ओळखलं. "वैनी, त्यांचं नाव तिथे कशाला शोधताय? ते त्या मोठ्या खुर्चीत कधी बसलेच नाहीत. मी सांगून दमलो. म्हणायचे, जेवायला बोलावलं म्हणून यजमानाच्या पाटावर बसायचं काय?"

"मग बसायचे कुठे?"

त्याने दारामागे बोट दाखवलं. तिथे वेताची एक साधी खुर्ची होती आणि तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा जार. त्याने तो उतरवला, फडक्याने खुर्ची पुसली. आई बसली. खुर्चीच्या दोन्ही हातांवरून तिने तळवे फिरवले.

"घरीसुद्धा तेच," ती म्हणाली. "आरामखुर्ची हौसेने घेतली आणि आयुष्यभर पाहुण्यांना दिली." आणि हसली, कितीतरी महिन्यांनी.

चहा तिने तिथेच बसून, सावकाश संपवला. "पाटीचं राहू दे," असं मला सांगून उठली.

आम्ही दाराशी पोचेपर्यंत शिपायाने जार पुन्हा खुर्चीवर ठेवला होता.