हातात बसणारा कॅमेरा

"हातात बसाय पायजे," असं म्हणून मामा डोळे मिटायचे. कोयता असो, छत्री असो, नाहीतर माझ्या दुकानातली कात्री. वस्तू उचलायची, डोळे मिटायचे आणि बोटांनी चाचपत राहायचं. रामनगरच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ आणि माझं शिवणकामाचं दुकान भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हा सोहळा मला रोज फुकटात बघायला मिळायचा. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

डोंगरातल्या वाड्यांवरची लग्नं आणि बारशी मामांनीच टिपायची, असा रिवाजच पडला होता. फोटोसाठी माणसं उभी केली की ते आधी दोन्ही टोकं बघायचे. "कडंचं माणूस तुटाय नगं. त्येच पयलं फोटो मागतंय," म्हणायचे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, चालणंही परतलं, पण उजव्या हाताच्या बोटांत जोर येईना. जुना जड कॅमेरा एका लग्नात ऐन अक्षता पडताना हातातून सुटला. तेव्हापासून बोलावणी बंद झाली. लोक घरी येत, चहा पीत आणि विश्रांती घ्या म्हणून सांगून जात. मामांना त्या शब्दाचा भारी राग होता.

"इश्रांती मेल्यावर हायच की," ते मला म्हणाले. "अक्का, हलका कॅमेरा बगूया. मिररलेस म्हंत्यात त्यो. वापरलेला असला तरी चालंल."

नवा परवडणारा नव्हता. मामींनी मला गळ घातली, "तू संगं जा गं. एकट्याला कुठं सोडू?" तेव्हा आम्ही दोघं बेळगावला गेलो.

दुकानातल्या तरुणाने पाचसहा कॅमेरे काचेवर मांडले आणि प्रत्येकाचे गुण सांगायला लागला. मामांनी त्याला हातानेच थांबवलं आणि डोळे मिटले. एक साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता, सटकायलाच बघत होता. दुसरा इतका छोटा की करंगळी खाली लोंबकळली.

"आता हिनं काय करायचं, भीक मागायची?" मामा म्हणाले. मला हसू आवरेना.

शेवटी कोपरा खरचटलेला एक हातात आला. पुढे रबराचा छान फुगवटा, मागे अंगठा टेकवायला जागा. मामांचं बोट न शोधता बटणावर गेलं. मिटल्या डोळ्यांनीच ते हसले. "ह्यो बसला."

"काका, एखादा फोटो काढून बघा की," तो तरुण म्हणाला.

"फोटो मला येतंय रे. हात येत नव्हता."

दुपारी खानावळीत जेवलो. मामा नुसता आमटीभात जेवत होते. मधेच त्यांनी वाढप्याला विचारलं, "भाजी न्हाई व्हय आज?" भाजी ताटात उजवीकडे जशीच्या तशी होती. "ही काय! जीव सगळा त्या कॅमेऱ्यात," मी चिडवलं, तेव्हा त्यांनी ताट फिरवून घेतलं.

पुढे काही दिवस मामींच्या कोंबड्या आणि माझी दोरीवरची पोलकी यांचे फोटो निघाले. मग कॅसलरॉककडच्या एका वाडीवरून बारशाचं बोलावणं आलं. जुनी ओळख होती, त्यांना भीड मोडवली नाही. मीही गेले. सगळा वेळ माझी नजर मामांच्या हातावर खिळलेली. मामींनी तर कॅमेरा पडू नये म्हणून नवस बोलला होता. कॅमेरा पडला नाही. परतताना मामा चक्क गुणगुणत होते.

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर फोटो उघडले. प्रत्येक फोटोत उजव्या टोकाची माणसं तुटलेली. बाळाचं नाव ठेवणारी आत्या एका फोटोत अर्धी होती, बाकीच्यांत तिचा नुसता बांगड्यांचा हात.

"मामा, आत्या कुठाय हो?"

"आसंल की हितंच. सगळी आल्यात." ते पडद्यावर शोधत राहिले.

मी त्यांच्या उजव्या बाजूला हळूच हात हलवला. त्यांना कळलंच नाही. तेव्हा मला ताटातली ती भाजी आठवली.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. झटक्याने दोन्ही डोळ्यांची उजवीकडची नजर नेली होती, आणि ती आता येणार नव्हती. आम्ही सगळे हाताला जपत बसलो होतो. मग मामा म्हणाले, "अक्का, त्या आत्याला काय सांगायचं गं?" मला रडू फुटलं.

स्टुडिओ आता बंद आहे. मामा सकाळी घराच्या पायरीवर बसतात. आमच्या गल्लीतले सगळे वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला जातात आणि मगच बोलतात. परगावच्या माणसाला हे ठाऊक नसतं. तो उजवीकडे उभा राहून हाक मारतो. मामा मान वळवत जातात, वळवत जातात, आणि तो दिसला की सुटल्यासारखे म्हणतात, "हितं हाईस व्हय!"