निळा रांजण

रांजणाला कोणी रंग देतं का? आमच्या बाबांनी दिला. तोही निळा, तोही तेलाचा, आणि तोही ऐन वैशाखात! आज इतकी वर्षं झाली, पण तो रांजण आठवला की माझं डोकं भणभणतं.

धम्मदीक्षेनंतरचा तिसरा की चौथा उन्हाळा असेल. आमची वस्ती वणीहून मुकुटबनला जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. मायच्या मनानं एकच घेतलं होतं: येणाऱ्याजाणाऱ्यासाठी आपल्या दारात पाणी ठेवायचं. जन्मभर ती दुसऱ्याच्या दारात ओंजळ धरून, वरून ओतलेलं पाणी प्यायली होती. आता एकदा तरी कोणी परक्यानं आपल्या दारचं प्यावं, एवढंच तिला बघायचं होतं.

मातीची भांडी आमच्या घरात काही कमी नव्हती. वरण मडक्यात, दही गाडग्यात. फुटलं तरी माय फेकू द्यायची नाही. फुटक्या रांजणाचं बूड चुलीवर पालथं घालून त्यावर लांब पोळ्या करायची, गळ्याचा काठ घागरीखाली ठेवायची, आणि उरलेल्या खापरात कोंबड्यांना पाणी. पण हा रांजण नवा कोरा होता. मातीचा वास जाईपर्यंत दोन-चार दिवस तो भरायचा आणि ओतून द्यायचा. भरणार कोण? मी! नाल्याच्या रेतीत उकरलेल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरायची आणि तापलेल्या रेतीतून डोक्यावर आणायची. आणि मग ते पाणी माझ्या डोळ्यांदेखत ओतून द्यायचं. जीव नुसता तळतळायचा.

रांजण पाण्याला आला, आणि त्याच दिवशी बाबांना हुक्की आली. वस्तीतल्या निळ्या झेंड्याचा खांब रंगवून डब्यात रंग उरला होता.

"लोकायले दुरूनच समजलं पायजे, पानी कोनाचं हाय," बाबा म्हणाले.

"अवो, मातीले घाम आला तरच पानी गार होते," माय म्हणाली. "तुमी तिच्या अंगाले तेल फासून राह्यले!"

पण ऐकतील तर ते आमचे बाबा कसले. दोन हात दिले. रांजण दिसायला झकास झाला, शेजारी साखळीला पितळी गिलासही लटकला. आणि दुपारी पाणी असं, की त्यानं न्हाणं व्हावं.

गाड्या थांबायच्या. गाडीवान उतरायचे, रांजणाला हात लावायचे, आणि पुढं चालते व्हायचे. एक झाला, दोन झाले, आठवडा गेला.

"पानी आपलं हाय म्हनून नाही पेत ते," बाबा म्हणायचे.

"गरम हाय म्हनून नाही पेत," माय म्हणायची. "मानूस इतका बी वाईट नसते."

रोज हेच भांडण, आणि रोज माझ्या डोक्यावर घागर. मला तर दोघांचाही राग यायचा. शेवटी मायनं एका सकाळी खापराचा तुकडा घेतला आणि रांजण खरवडायला बसली. मलाही बसवलं. बोटांची सालटी निघाली. वरवंटा घासावा तसा आम्ही तो रांजण घासला, तेव्हा कुठं खालची लाल माती दिसली. दुसऱ्या दिवशी रांजणाला घाम फुटला. पाणी असं गार, की दात शिवशिवले.

भर दुपारी एक गाडी थांबली. गाडीवानाचे ओठ फुटलेले, आवाज बसलेला. त्यानं रांजणावर तळवा ठेवला. "वा! बरफ हाय हे तं." त्यानं गिलास हातात घेतला. माय दारातून बघत होती, पदर तोंडात धरून.

मग त्यानं विचारलं, "कोनाचं हाय बाई पानी?"

"आमचं," ओट्यावरून झेंड्याकडे बोट दाखवत बाबा म्हणाले.

त्यानं गिलास हळूच खाली सोडला. साखळी वाजली. गाडीखालची बादली काढून तो मायला म्हणाला, "बैलायले पाज थोडं. पुन्य लागन." मायनं बादली भरली, पुन्हा भरली. बैलांनी रांजण तळाला आणला. तो आपला कोरड्या तोंडानं गाडीवर बसला आणि गेला.

माझा पाराच चढला. "बैल नाही बाटत वाटते! तेच तं त्याची गाडी ओढून राह्यले!"

बाबा ओट्यावर बसले होते. खरवडलेल्या रांजणाकडे बघत म्हणाले, "रंग होता तेच बरं होतं. पानी गरम हाय म्हनून तरी समजता येत होतं."

 मायनं रिकामी घागर आणून माझ्यासमोर आदळली. "जाय, भरून आन."

"आता कोनाच्या बैलासाठी?" मी ओरडले.

"तो याच रस्त्यानं वापस येईन," माय म्हणाली. "तवापर्यंत त्याची तहान वाढली असन."