ठमाकाकीची आठळ्यांची शाळा

डूख धरण्यात माझी थोरली काकी, ठमाबाई, कुणाला हार गेली नाही. एकदा शेजारणीनं तिची वाळत घातलेली कोकमं उचलली, तर त्या शेजारणीच्या नातवाच्या बारशालासुद्धा काकी गेली नाही. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या सपाटीवर आमची वाडी. काका मुंबईला गिरणीत, माझा बापही तिकडंच. घरात माझी आई, काकी, मी आणि काकीचा एकुलता एक भिकू. बाकी सगळा म्हशींचा कारभार.

लाथाडी म्हैस वठणीवर आणावी तर काकीनंच. तिची चंद्री रेडकू दगावल्यावर दूध चोरायला लागली. काकीनं तिला कधी काठी लावली नाही. पुढ्यात मूठभर पेंड ठेवायची आणि चरवीवर टिचकी मारायची. असं करता करता चंद्रीला अशी सवय लागली, की पेंड असो नसो, नुसती टिचकी ऐकली की ती पान्हवायची.

भिकू बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर तोंडातून निघता निघायचं नाही. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. तो बोलायला लागला की आम्ही भाकरी थापत राहायचो, त्याचं पुरं झालं की उत्तर द्यायचो. पण काकानं मुंबईहून निरोप धाडला, पोराला शाळेत घाला. खालच्या गावात देवळाच्या सभामंडपात शाळा भरायची. तिथं महिपती मास्तर होता. लोक त्याला गुरुजी म्हणायचे. मी म्हणणार नाही.

मास्तर ट्रेनिंग घेऊन आलेला. मी छडी पोराला मारत नाही, टेबलाला मारतो, असं गावभर सांगत फिरायचा. त्याची पद्धत अशी, की भिकू अडखळला की यानं छडी टेबलावर टक्‌कन आपटायची, आणि सगळ्या वर्गानं बें बें करून ओरडायचं. का, तर डोंगरावरची माणसं म्हणजे सगळी शेरडं राखणारी, असा त्याचा समज. आधी पोरं बिचकत होती. मग चटावली. दसऱ्याला शाळेत घातलेला भिकू शिमग्यापर्यंत बोलायचाच बंद झाला. शाळेत नाही, घरात नाही, म्हशीशीसुद्धा नाही. भूक लागली की ताटाकडं बोट दाखवायचा.

काकी मला बरोबर घेऊन शाळेत गेली. मास्तरानं तिला देवळाच्या पायरीखालीच उभी केली.

"गुरुजी, पोर बोलायचाच बंद झालाय."

"म्हणजे तोतरेपणा गेला ना?" मास्तर हसला. "बाई, ती खोड होती. खोड अशीच मोडायची असते. डिपोटी साहेब तपासणीला आले की मी त्यांना ही पद्धत दाखवणार आहे."

काकी मला घेऊन माघारी फिरली. वाटेत मी विचारलं, "काकी, आता काय गो करायचं?" तर म्हणाली, "तो दाखवनार हाय ना सायबाला? दाखवू दे. मी बी दाखवतें." तिचा चेहरा बघून तेव्हाच मला कळलं, मास्तराचं आता काही खरं नाही.

शाळेची वाट आमच्या अंगणातून जायची. आमच्याही वरच्या दोन वाड्यांची पोरं तिथूनच घरी परतत. फणसाच्या आठळ्या काकीनं पावसाळ्यासाठी मातीत घोळून ठेवलेल्या असायच्या. त्या तिनं भाजायला घेतल्या. पोरं आली की ती लाकडी पाटावर काठी आपटायची. पोरं खिदळत बें करायची आणि हातावर गरम आठळी पडायची. खालच्या गावातल्या पोरांना हे कळल्यावर तीही वाट वाकडी करून वर यायला लागली.

माझी आई भडकली. "बाय, तुजं डोसकं फिरलंय काय? आपल्याच पोराच्या जखमेवर मीठ चोलतेस?" भिकू तर आवाज आला की माळ्यावर पळायचा आणि कानावर घोंगडी ओढून बसायचा. मलाही काकीचा राग आला. पण तिला सांगायची हिंमत कुणाची?

"आज रडला तर रडू दे," ती म्हणाली. "त्या मास्तराला मी जल्मभर रडवीन."

हळूहळू तिनं आठळ्या कमी केल्या. कधी द्यायची, कधी नुसतीच काठी आपटायची. "रोज दिल्यावर पोरं खायला येतील गो. कधी दिलं, कधी नाय, मंग काठी इसरत नाय." पोरं आता हसतही नव्हती. टक् झालं की तोंडातून बें निघायचं, मग ती पाटीवर हिशेब करत असोत की नाक शिंकरत असोत.

एकदा काकी चंद्रीची धार काढत होती आणि पोरं अंगणात येऊन उभी राहिली. हात गुंतलेले. तिनं गोठ्यातूनच हाक मारली, "भिकू, हान रे काठी. आन् आठळ्या बी तूच दे." यात तिचा काही मोठा विचार नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तिला फक्त धार सोडायची नव्हती. भिकू माळ्यावरून उतरला आणि बराच वेळ काठी धरून उभा राहिला. मग त्यानं ती आपटली. सगळी पोरं त्याच्या तोंडाकडं बघून बें करून ओरडली आणि हात पसरून उभी राहिली. भिकूनं सगळ्यांना आठळ्या दिल्या, आणि त्याला सगळ्यात जास्त चिडवणारा जो कोंडाजी, त्याला दिली नाही. कोंडाजी परत बें बें करायला लागला. भिकू खळखळून हसला. किती महिन्यांनी त्याच्या गळ्यातून आवाज निघाला होता. माझी आई चुलीशी बसून रडली.

त्या दिवसापासून काठी भिकूच्या हातात गेली. शाळेत तो रोज जाऊन बसायचा, बोलत मात्र नव्हता.

डिपोटी साहेब महाडहून आले ते पुढच्या दसऱ्यानंतर. मास्तरानं पोरांना दम भरला होता, साहेब असेपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही. पद्धत कशी असते ती तो नंतर आपला आपणच सांगणार होता. गावानं साहेबांसाठी दूध द्यायचं, ते काकीनं आपणहून अंगावर घेतलं. भरली चरवी घेऊन ती देवळाच्या पायरीशी उभी राहिली. मी तिच्यामागं.

साहेब नकाशाकडं वळले आणि काकीनं चरवी पायरीवर सोडली. केवढा तो खणखणाट. दूध पायऱ्यांवरून वाहायला लागलं, पोरं माना वळवून कुजबुजली. साहेबांनी गप्प करायला हातातली काठी टेबलावर आपटली.

सगळी शाळा बें करून ओरडली.

साहेब लाल झाले. पुन्हा आपटली. पुन्हा बें. पोरंच घाबरून एकमेकांकडं बघत होती, पण तोंडं कुणाची थांबेनात.

"हे कोणी शिकवलं यांना?" साहेब गरजले.

मास्तर हात जोडून म्हणाला, "साहेब, डोंगरातली मुलं आहेत. शेरडांत वाढलेली."

तेवढ्यात मागच्या खांबाशी भिकू उभा राहिला. काकीनं माझं मनगट असं धरलं, की बांगडी रुतली.

"मा... मा... मा..."

आणि मास्तराचा हात आपसूक उठला. भिकू अडखळला की छडी आपटायची, ही सवय पोरांना लागली तशी त्यालाही लागली होती. टक्‌. सगळा वर्ग ओरडला, बें.

साहेबांनी मास्तराच्या हाताकडं पाहिलं. मास्तरानंही पाहिलं. भिकू मात्र खाली बसला नाही. त्या आवाजाची भीती त्याची आमच्या अंगणातच गेली होती. तो उभाच राहिला आणि त्यानं वाक्य पुरं केलं, "मास्तरांनी शि... शिकवलं."

मास्तराची बदली कशेडी घाटाच्या पलीकडं झाली. ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन तो घाटाच्या वाटेनं आमच्याच अंगणातून निघाला. काकी वाटच बघत होती. तिनं चंद्रीला पायवाटेवर आडवी उभी केली. एका अंगाला घराचा कूड, दुसऱ्या अंगाला कडा.

"बाई, म्हैस घ्या बाजूला."

"घेतें. माज्या पोराला तुमच्याशी बोलायचाय. त्याचं पुरं होऊ दे."

काकीनं त्याला दोन दिवस बसून चांगल्या कचकचीत शिव्या शिकवल्या होत्या. भिकू पुढं आला. "गु... गु... गुरुजी," तो म्हणाला, "घा... घाटात द... द... दरड आलीय. व... वरच्या वाटंनं जा."

किती वेळ लागला त्याला. हमाल ट्रंक उतरवून टेकला. मास्तर खाली मान घालून एकेका अक्षराची वाट बघत उभा होता, आणि त्याच्या हातात आपटायला काही नव्हतं.

"आयकलंत सगलं?" काकीनं विचारलं.

"ऐकलं," मास्तर म्हणाला.

मग तिनं म्हैस बाजूला घेतली. तो वरच्या वाटेला लागून दिसेनासा झाल्यावर भिकूकडं वळून म्हणाली, "मेल्या, शिव्या द्यायच्या सोडून वाट कशाला सांगितलीस?"

"शि... शिव्या ल... ल... लांब हायत," भिकू म्हणाला, आणि काकी भाकरी थापायला बसली, त्याचं पुढचं ऐकत.