एनेलेसीची वसुली

एनेलेसी जेरे बाजारात येण्याआधी तिची शिवी यायची. "माकडखाऊंनो, तुमची मालकीण आली. कर काढा." मागून डोक्यावरचं घमेलं, आणि घमेल्याखाली ती.

आमच्यातली कुणीतरी लगेच ओरडायची, "उंदीरखाऊ आली गं, पोत्यांची तोंडं बांधा."

हे भांडण नव्हे. ती पूर्वेकडच्या न्गोनी जमातीची, आम्ही इथल्या बेंबा जमातीच्या. आमच्या खापरपणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि दमले तेव्हा थट्टेची सोयरीक जोडली. थट्टेच्या सोयऱ्यानं वाटेल ते बोलावं, हाताला लागेल ते उचलावं, समोरच्यानं रागवायचं नाही. रागावला तो लहान झाला. आणि घरात मयत झालं की कबर खणायला, चूल पेटवायला, रडणाऱ्यांना हसवायला तेच सोयरे आधी. पुरुषमाणसांनी केलेल्या तहांपैकी एवढाच मला शहाणपणाचा वाटतो.

एनेलेसी इकडे म्पिका गावाला आली ती ट्रकवाल्या नवऱ्यामागून. तो वारला तेव्हा त्याच्या माणसांनी घरातली भांडी नेली, गादी नेली, दाराचा पडदासुद्धा काढून नेला. मूल झालं नव्हतं, नाहीतर तेही नेलं असतं. रस्त्याच्या टोकाला आईबाप नसलेल्या पोरांचं घर आहे. तिथं जाऊन ती म्हणाली, "मला स्वयंपाक येतो आणि मला घर नाही." तेव्हापासून तिथली चूल तिची. एवढ्या पोरांची न्शिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटायची म्हणजे वल्ह्याएवढा लाकडी डाव लागतो. तिचे दंड बघून बाजारातले हमाल वाट सोडायचे.

चांगल्या वर्षी तिची वसुली म्हणजे गंमत. ओंजळभर शेंगदाणे, चार टोमॅटो, माझ्याकडची सुकी मासळी. पोरांच्या भाजीत पडायची. पीठ यायचं बाहेरदेशच्या दात्यांच्या पैशातून.

मग पाऊस रुसला. मका भर पोटऱ्यात असताना उभा करपला. दात्यांचे पैसे पूर्वीएवढेच येत होते, पण पिठाच्या पोत्याचा भाव दर आठवड्याला वर चढत होता. पोरांचं सकाळचं जेवण गेलं, तिथं पेज आली. मग पेजेतून भांड्याचा तळ दिसायला लागला. घराच्या कारभाऱ्यानं सांगितलं की ज्यांचं कुणी नातलग आहे त्या पोरांना सुगीपर्यंत नातलगांकडे धाडायचं.

त्यात मुसोंडाचं नाव होतं. चुलत्याच्या घरून आली तेव्हा या पोरीचे केस उपासानं तांबडे पडलेले होते, पाय सुजलेले. एनेलेसीनं भुईमुगाचं कूट भरवून ते केस काळे केले होते.

ती माझ्या टोपल्यापाशी टेकली. "आजी, तिला परत तिकडे धाडायचं म्हणजे मीच तिला खड्ड्यात उतरवायचं."

"मग काय करशील?"

"काय करणार? मालकीण आहे मी. कर वाढवते."

दुसऱ्या दिवशी घमेल्याच्या जागी पोतं आलं. बायका हसल्या आणि दिलंही. पण हसू पातळ झालं होतं, त्या पेजेसारखंच. आमच्याही घरात खाणारी तोंडं होती.

मक्याची मोठी व्यापारीण म्हणजे काबासोची आई. एनेलेसीची तिच्याशीच जास्त जुंपायची. एनेलेसी तिच्या ढिगापुढे उभी राहिली. "काय गं दासी, ढीग दडवून ठेवलास? भर पोतं."

काबासोच्या आईनं मापाच्या डब्यावर हात ठेवला. "माझ्याकडे थट्टा बंद आहे. दाम असेल तर घे, नाहीतर वाट सोड."

आसपासच्या बायकांचे हात थांबले. असं कुणी म्हणत नाही. तिचा नवरा दवाखान्यात पडून होता, मका तिनंही चढ्या भावानं उचलला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी असं म्हणत नाहीत.

एनेलेसीनं उलट टोला हाणला असता तर बरं झालं असतं. ती गुडघे वाकवून, हात जोडून म्हणाली, "बरं, आई. तुमचा वेळ घेतला." परक्या मोठ्या बाईशी बोलतात तसं. काबासोच्या आईचं तोंड चपराक बसावी तसं झालं.

तिचा नवरा त्याच आठवड्यात वारला.

मयताच्या घरी आम्ही चटयांवर बसलो होतो. काबासोची आई भिंतीकडे तोंड करून होती. रडली नव्हती, पाणी घेतलं नव्हतं. बायका कुजबुजत होत्या, न्गोनी येणार नाही. नातं हिनंच तोडलं.

एनेलेसी आली. मेलेल्याचा कोट उलटा घातलेला, पायात त्याचे गमबूट. त्याच्यासारखीच एक खांदा पाडून चालत आली आणि भर अंगणात आडवी झाली. "मी उठणार नाही," ती त्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उठलो की बायको मका मोजायला लावते."

हसावं की नाही, कुणालाच कळेना.

"एवढ्या माकडखाऊंत एक बरा होता," एनेलेसी स्वतःच्या आवाजात म्हणाली, "तोही कर चुकवून पळाला. बघ तुझा नवरा. आता वसुली कुणाकडून करू?"

भिंतीकडून खर्र आवाज आला. आम्हाला वाटलं, बाईचा श्वास अडकला. ती हसत होती. हसता हसता तिचं रडं फुटलं, आणि एनेलेसीनं तो उलटा कोट तिच्या अंगाभोवती ओढून तिला धरलं.

कबर खणणाऱ्यांत एनेलेसी होती, चुलीवरही होती. मक्याचा शब्द तिनं काढला नाही. सगळं आटोपल्यावर हात धुऊन निघाली, तेव्हा काबासोची आई चटईवरूनच म्हणाली, "ए उंदीरखाऊ, मालकीण म्हणवतेस आणि रिकाम्या हातानं जातेस? कोठीत पोती आहेत. तुझ्यानं उचलवतील तेवढी ने. तुम्हा लोकांच्या अंगात बळ नसतं म्हणतात."

एनेलेसी दारातून परत फिरली. मग म्हणाली, "दासीनं मालकिणीला वर तोंड करून बोलू नये," आणि कोठीकडे वळली. एकावर एक दोन पोती उचलली. तिसरं तिच्यानं उचलवलं नाही.

त्या मक्यावर आणि बाजारच्या मुठीमुठीवर सुगी गाठली. मुसोंडाला पाठवावं लागलं नाही. दोन मोठी पोरं मात्र आधीच मामाकडे धाडलेली होती. सुगी झाली तरी ती परत आली नाहीत, आणि मामाचं घर बंद आहे म्हणतात. त्यांचं नाव कुणी काढलं की एनेलेसी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेते.