ढेकरीची खाण

धरमपेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सौरव भोयर नकाशे काढतो. साहेबांनी चार वाक्यं बोलावीत आणि ह्याने एक, तेही मान हलवून भागत असेल तर तेवढंही नाही. शेजारच्या टेबलावरच्यांना विचारलं तर ते सांगतील, माणूस सज्जन आहे, पण गप्पांना कामाचा नाही. ह्याच माणसाला रविवारी दुपारी लकडगंजात त्यांनी ऐकलं असतं तर तो हाच का, म्हणून परत परत पाहिलं असतं.

लकडगंजात विहंगच्या वडिलांचं प्लायवूडचं दुकान आहे. रविवारी बाजार बंद, आरा मशिनी गप्प. दुकानाच्या माडीवर एक खोली आहे, तिथे चौघं जमतात: सौरव, विहंग, विहंगची धाकटी बहीण मिनल, आणि विहंगची शाळेपासूनची मैत्रीण वैभवी. पॉलिटेक्निकमध्ये असताना हॉस्टेलच्या एका सीनियरने सौरवला आणि विहंगला एका खेळाची चटक लावली होती, ती अजून सुटलेली नाही. खेळ म्हटलं तर सोपा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर नदी आली, पूल तुटलेला आहे, आता काय करता? ज्याने त्याने आपल्याला सुचेल ते सांगायचं आणि फासा टाकायचा. फासा म्हणेल तसं घडतं. कोणी बुडतं, कोणी तरतं, गोष्ट पुढे जाते. अशी महिनोन्महिने चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन. सांगणारा नेहमी सौरवच. त्याच्या तोंडून राजे बोलायचे, म्हाताऱ्या चेटकिणी बोलायच्या, एकदा तर एक दरवाजा बोलला होता आणि मिनल हसून हसून खुर्चीवरून पडली होती.

सौरवच्या आईला, वच्छलाबाईंना, हा प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. फासे म्हणजे जुगार, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. लग्नाचं वय निघून चाललेला मुलगा सुटीच्या दिवशी फाश्यांची थैली घेऊन बाहेर पडतो, हे सावनेरला नातेवाइकांत सांगण्यासारखं नव्हतं. कोणी विचारलं तर त्या सांगायच्या, तो क्लासला जाते.

उन्हाळ्यात त्यांचं जुनं कॅम्पेन संपलं. शूर वीरांनी डोंगराखालच्या गुहेत शिरून तिथले सगळे राक्षस मारले, खजिना लुटला, गावाने मिरवणूक काढली. सगळे खूश होते. आवराआवर करताना वैभवी सहज म्हणाली, त्या गुहेत लहान लेकरंही असतील ना, त्यांचं काय झालं असंल? वैभवी प्राथमिक शाळेत शिकवते, तिला अशा गोष्टी सुचतात. बाकीचे जिना उतरायला लागले, पण सौरवच्या डोक्यात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. मानेवाड्याला पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं. पुढच्या गोष्टीत आपल्यातलं कोणीच वीर नसणार. सगळ्यांनी राक्षस व्हायचं, आणि वीर त्यांना हाकलायला येणार.

ठरवणं सोपं होतं, जुळवणं अवघड. जागा लगेच सापडली. त्याचं लहानपण सावनेरला गेलं होतं, वडील कोळशाच्या खाणीत होते. बंद पडलेल्या खाणीचं काळं तोंड त्याने दुरून पाहिलेलं होतं, तेव्हा राक्षसांचं घर त्याने एका तशाच खाणीत घातलं. पुढे मात्र गाडी अडली. राक्षस एवढे ताकदवान, मग त्यांना भीती कशाची? माणसांना मारून टाकलं की संपलं, त्यात गोष्ट कुठली? आणि एक मुंजा, एक झोटिंग, एक राक्षसीण, ही मंडळी एकमेकांना न खाता एका छपराखाली राहतील तरी कशी?

एका संध्याकाळी तो स्वतःशीच पुटपुटत बसलेला पाहून वच्छलाबाईंनी विचारलं. त्याने सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. भूत म्हटल्यावर त्यांचा हात थांबला, आणि त्या अशा काही बोलायला लागल्या की सौरव ऐकतच राहिला. भूत कितीही मोठं असो, म्हणाल्या, ते आपली शीव ओलांडत नाही. पिंपळाचं पिंपळाशी, विहिरीचं विहिरीशी. मुंजा कोणाच्या वाटेला जात नाही, त्याचं लग्न राहून गेलं असते एवढंच त्याचं दुखणं. सौरवला पाहिजे होतं ते सापडलं. प्रत्येक राक्षसाला त्याने एकेक शीव दिली, जिच्यापलीकडे त्याची ताकद चालणार नाही, तिथे सोबत्यांवाचून त्याचं अडणार. त्या दिवसापासून वच्छलाबाई अधूनमधून विचारायच्या, तुह्या मुंजाचं कुठवर आलं?

गाव वीरांना का बोलावतं एवढं सोडून सगळं जुळल्यावर एका मंगळवारी जेवणाच्या सुटीत त्याने चौघांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ह्या वेळी आपण सगळे राक्षस. ज्याने त्याने आपापला राक्षस ठरवून आणा. दिसता कसे, आणि तुमचं तोंड पाहून माणसं भिऊन काहून पळतात, ते आधी सांगा. शेवटच्या ओळीवर तो स्वतःच खूश झाला होता. विहंगने लगेच मुंजा मागितला. मिनलने झोटिंग घेतला. वैभवीने मेसेज वाचल्याची खूण दिसली, उत्तर मात्र आलं नाही.

संध्याकाळी विहंगचा फोन आला. त्याचा आवाज उतरलेला होता.

"तुले माहीत नाही का बे?" तो म्हणाला. "वैभवीच्या तोंडावरून वारं गेलं. अर्धा चेहरा हलूनच नाही राहिला. मले आताच पियुष मेडिकलमधे भेटला, त्यानं सांगितलं. आठवडा झाला, ती कोणाले भेटूनच नाही राहिली."

पियुष म्हणजे वैभवीचा नवरा. डॉक्टर म्हणतात, बहुतेकांचं हे हळूहळू भरून येतं, असंही विहंगने पुढे सांगितलं, पण सौरवच्या कानात ते शिरलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर त्याची स्वतःचीच ओळ होती. तुमचं तोंड पाहून माणसं भिऊन काहून पळतात. फोन ठेवल्यावर त्याने मेसेज पुसला. पुसल्यावर तिथे 'मेसेज काढून टाकला' अशी पाटी उमटली, आणि ती त्याहून वाईट दिसायला लागली.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. ऑफिसात एका बंगल्याच्या नकाशात त्याने जिन्याला दारच ठेवलं नाही. वैभवीला फोन करावा म्हणून नंबर काढायचा आणि ठेवून द्यायचा. बोलणार काय? मला माहीत नव्हतं म्हणणार? ती म्हणेल, बरं, आणि ते बरं आयुष्यभर मधे राहील. शेवटी त्याने खाणीची सगळी गोष्ट बाजूला सारली आणि घाईघाईने दुसरी जुळवली. त्यात व्यापाऱ्यांचा एक तांडा होता, उंटांवर मसाले होते, वाटेत चोर होते. त्याला स्वतःलाच ती वाचताना जांभई येत होती.

वच्छलाबाईंनी दोन दिवस त्याचं न जेवणं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खोदून विचारलं. ऐकून घेतल्यावर त्यांनी फार समजूत घातली नाही.

"घरी बसून कायले झुरून राहिला?" त्या म्हणाल्या. "बिमार माणसाले पाहाले जा लागते. शिव्या दिल्या तं खाऊन घे. जाय."

शनिवारी दुपारी तो नंदनवनला तिच्या घरी गेला. दार पियुषने उघडलं, आत बसवलं, आणि चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेला. वैभवी आतून आली ती ओढणी अर्ध्या तोंडावर धरून. समोर बसल्यावर तिने ती खाली सोडली, बहुधा एकदाचं काय ते होऊन जाऊ द्यावं म्हणून. डावी बाजू ओघळल्यासारखी झाली होती. डावा डोळा मिटत नव्हता, लाल झाला होता, ती बोटाने पापणी ओढून मिटायची. शब्दही थोडे घसरत होते, प आणि ब नीट उमटत नव्हते.

सौरवने तोंडपाठ करून आणलेलं सगळं त्याला आठवेना. तो एवढंच म्हणाला की त्या मेसेजच्या वेळी त्याला काहीच माहीत नव्हतं, माहीत असतं तर हात झडला असता तरी त्याने तसं लिहिलं नसतं, आणि ते राक्षसांचं आता रद्द केलं आहे, दुसरी एक छान गोष्ट तयार आहे. व्यापाऱ्यांची.

वैभवीने बोटाने पापणी ओढून मिटली, पुन्हा उघडली. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता, अर्धा चेहरा तर काही सांगतच नव्हता.

"तुले माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "मले वाटलं, माहीत असूनच लिहिलं."

सौरव घाईने नाही नाही म्हणायला लागला. पण ती पुढे बोलत होती. आठवडाभर ज्याचा फोन आला त्याने रडक्या आवाजात एकच विचारलं, आता कसं वाटते. सासूबाईंनी देवाला नवस बोलला. शाळेतल्या बाईंनी फोटो मागितला, त्यांच्या भावाच्या ओळखीच्या वैद्याला दाखवायला. आणि ह्या सगळ्यात एका माणसाने सरळ लिहिलं की राक्षस ठरवून आण. तिला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली, आणि आजारपणात पहिल्यांदा हसल्यावर तोंड कसं वाकडं होतं ते आरशात जाऊन पाहून आली.

"मले भेव वाटून राहिलं होतं," ती म्हणाली, "का तुम्ही लोकं दया येऊन मले परीबिरी बनवान. मंग तुनं तो मेसेज पुसला. तवा मातर मी रडली."

दुपारपासून थोडं थोडं करत ती उत्तर लिहीत होती, तेवढ्यात तो पुसला गेला होता. एका डोळ्याला धुरकट दिसत असल्याने तिला लिहायला वेळ लागत होता, एवढंच.

सौरवने विचारलं नाही, पण मनात त्याने धरलंच होतं की तिचा राक्षस अर्ध्या तोंडाचा असणार, दगडाच्या डोळ्याचा, काहीतरी दुःखी. वैभवीने सांगितलं ते भलतंच होतं. तोंडाचा विचार करून करून तिला वीट आला होता. पेजेशिवाय काही नीट खाता येत नव्हतं, घास गालात अडकायचा, चहा स्ट्रॉने प्यावा लागायचा. तिला खायचं होतं. तिची राक्षसीण पिंपाएवढी, सगळं खाणारी, कधीच पोट न भरणारी, आणि जेवण झालं की डोंगर हलेल अशी ढेकर देणारी.

"नाव ढेकरी," ती म्हणाली. ढ तिला छान जमत होता.

पियुष चहा घेऊन आला तेव्हा दोघं कपाळाला आठ्या घालून एका अडचणीशी झुंजत होती. ढेकरी माणसं खात असेल तर तिची बाजू कोण घेणार? सौरव म्हणाला बकऱ्या. वैभवी म्हणाली, बकऱ्या गावाच्याच ना, तेही वाईटच. मग ती म्हणाली, कोळसा. ती खाणीत राहते ना, ती कोळसा खाते. सौरव उठून उभाच राहिला. ती पिढ्यान्‌पिढ्या कोळसा खात आली आहे, म्हणून खाण आतून पोकळ झाली आहे, म्हणून राक्षसांचं घर कोसळायला आलं आहे, आणि गावाचा कोळसाही संपत चालला आहे, म्हणूनच गाव वीरांना बोलावतं आहे. कितीतरी दिवस हाती न लागलेलं धाग्याचं टोक तिने सहज ओढून दिलं होतं. आता वीरांना पळवून लावून भागणार नव्हतं. ढेकरीने काय खायचं, ह्याचा तोडगा राक्षसांना आणि गावाला मिळून काढावा लागणार होता.

"आणि व्यापाऱ्यांचं काय?" पियुषने विचारलं.

"त्यांना ढेकरी खाईल," वैभवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लकडगंजच्या माडीवर ती काळा चष्मा लावून आली. मिनलने तिला मिठी मारली आणि एकदम विचारलं, दुखते का वं? नाही म्हटल्यावर विषय संपला. विहंगने आपल्या मुंजासाठी घरून मुंडावळ्या आणल्या होत्या, त्या तो खेळ संपेपर्यंत बांधून बसला. सौरवने खाणीचं तोंड उभं केलं, मशाली घेऊन येणारे वीर उभे केले, त्यांचा पुढारी मोठ्या आवाजात ललकारू लागला. ढेकरीची पाळी आली. वैभवीने फासा टाकला, तो टेबलावरून घरंगळत जाऊन सर्वांत मोठ्या आकड्यावर थांबला, आणि ढेकरीने वीरांची ढाल, तलवार आणि झेंडा पुढाऱ्याच्या देखत चावून खाल्ला. वर ढेकर दिली. ती वैभवीने स्वतःच्या घशातून काढली होती. सगळे हसायला लागले, तीही हसली. हसताना तोंड डाव्या अंगाला ओढ न घेता उजवीकडेच गेलं, चष्मा नाकावरून घसरला. तिने तोंडावर हात नेला नाही. सौरवने ते पाहिलं आणि पुढारी पळून जातानाचं वाक्य त्याला नीट बोलताच आलं नाही. खोकल्याचं निमित्त करून तो पाणी प्याला.

वैभवीचा चेहरा दिवाळीपर्यंत बराचसा परत आला. दमली की डावी पापणी अजून जरा मागे राहते. ढेकरी आता कोळशाबरोबर गावाचा कचराही खायला शिकली आहे, गावाला ते मानवलं आहे, वीर मात्र चिडलेले आहेत.

पण त्या पहिल्या रविवारी सौरव घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. हातपाय न धुता तो दिवाणावर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. तिन्हीसांजेला झोपलेलं वच्छलाबाईंना कधीच चालत नाही. त्या उठवायला आल्या, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि न उठवताच पंखा वाढवून देवापाशी दिवा लावायला गेल्या.