खोट्या माशाचं टोक

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजोबांना विचारलंत, "तुम्ही पुन्हा कामाला कसे लागलात?" त्यावर त्यांनी तुमच्याकडच्या थंडीची चौकशी करून विषय बदलला. ते कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला जड नाही, पण ही हकिगत तिथे नीट बसत नाही. आईकडून वाचून घ्या.

आजोबांनी चाळीस वर्षं जळगावात सोनारकाम केलं. नथी, कुड्या, सगळं बारीक काम. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही एका डोळ्याला नीट दिसेना. त्यात त्यांच्या हातून एक नथ बिघडली. त्यांनी हत्यारं कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. "हात गेले माझे," एवढंच म्हणाले. मग दिवसभर पेपर वाचायचे, तोही दोनदा.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही आलात. तिकडच्या तळ्यात जिने ब्लूगिल मासे पकडता, ती गळाची घडीची काठी आणि पोटाला गळ लावलेले, बोटाच्या पेराएवढे रंगीत खोटे मासे घेऊन. धुळ्याच्या रस्त्याला माझ्या माहेरच्या तलावावर तुम्ही त्यांवर चिलापी पकडलीत. मासा घरात येणार नाही ही माझी अट तुम्ही पाळलीत, पकडलेला प्रत्येक मासा परत सोडलात. गांडूळ लावायचं नाही, मारायचं नाही, हे आजोबांना फार पटलं. जाताना काठी आणि खोट्या माशांची डबी तुम्ही त्यांनाच देऊन गेलात.

ते दर आठवड्याला तलावावर जाऊ लागले, आणि बाभळीच्या बुडालेल्या फांद्यांनी तुमचे खोटे मासे एकेक करून गिळले. शेवटचा गेला त्या दिवशी संध्याकाळी कपाट उघडल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातून हलले नाही. बघायला गेले असते तर त्यांनी कपाट पुन्हा लावलं असतं.

बाजारातून आणलेल्या गळांना त्यांनी पितळी पत्र्याचे इवले मासे तारेने बांधले. एकेका खवल्याची रेघ काढली. असं एक काम झालं की ते गालावर फिरवून बघायचे. आठ दिवसांत चार मासे झाले.

ते घेऊन आम्ही दोघं तलावावर गेलो. मी सावलीत बसले. शेजारी माझ्याच वयाची एक कोळीण जाळं सांधत होती. आजोबांनी गळ टाकला. दोरी ताणली गेली, आणि सुटली. पुन्हा तेच. चार वेळा मासा लागला, चारही वेळा निसटला. आजोबांनी काठी खाली ठेवली.

"चल गं, घरी जाऊ. सांगितलं होतं ना तुला, हातात काही राहिलं नाही."

त्यांचा तो आवाज मला नथीच्या वेळेपासून माहीत होता. मी काही बोलायच्या आत त्या बाईने गळ हातात घेतला, अंगठ्याने चाचपला आणि हसत हसत अहिराणीत म्हणाली,

"आबा, मासासना कान टोचाले उनात का? याले टोकच नही शे! बठ्ठं गुळगुळीत शे!"

आजोबांनी गळ परत घेतला, गालावर फिरवला, आणि त्यांच्या लक्षात आलं. नाकाकानात जाणाऱ्या तारेचं टोक घासून बोथट करायचं, गिऱ्हाइकाला टोचता कामा नये, ही चाळीस वर्षांची सवय. त्यांनी चारही गळांची टोकं कानशीने मन लावून घासली होती.

"अक्का, टोचलं तर गिऱ्हाईक भांडायला येतं हो," ते म्हणाले.

"हाई गिऱ्हाईक भांडत नही, पळी जातं!" असं म्हणून तिने कोयत्याला धार लावायचा दगड पुढे केला.

टोक बोथट करणारा माणूस पहिल्यांदाच टोकाला धार लावत होता. किती वेळ लागला! मग गालाऐवजी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं. टोक रुतलं.

तळहाताएवढी चिलापी आली. आजोबांनी ती ओल्या हाताने धरली, गळ सोडवला आणि तिला पाण्यात जाऊ दिलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, पाहिलंस का? हात नीट होते. नको तिथे नीट होते."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी तासभर कामाला बसतात. आता गिऱ्हाइकाच्या नथी घेत नाहीत, ओळखीच्यांच्या दागिन्यांचे फासे आणि साखळ्या दुरुस्त करून देतात. उजव्या डोळ्याला अजून धूसरच दिसतं आणि पाठ लवकर दुखते. हात मात्र शाबूत आहेत.